व्हॅलोरंट नव्याने सुरू करताय? आधी थांबायला शिका

यंदा पावसाळ्यात माझा मामेभाऊ पिंपळगावहून आमच्याकडे राहायला आला, डिप्लोमाला इथे नाशिकला ॲडमिशन मिळाली म्हणून. मोबाईलवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम चार वर्षं खेळलेला, अंगठे असे चालतात की बघत राहावं, आणि माझा पीसी बघितल्या बघितल्या म्हणाला ताई मला पण व्हॅलोरंट शिकव, म्हणजे पीसीवरचा गोळीबाराचा गेम. बसवलं त्याला. पहिल्या मॅचला ३ जणांना मारलं आणि १९ वेळा मेला. रडकुंडीला येऊन मला विचारतो, "ताई, मी त्याला आधी बघितलं, गोळ्या पण आधी मीच मारल्या, मग मेलो मीच कसा?"

मी मागे पलंगावर बसून बघतच होते. त्याचं मधलं बोट पूर्ण वेळ डब्ल्यूवर, म्हणजे पुढे पळायच्या कीवर दाबलेलं. समोरचा दिसला तरी दाबलेलं, गोळ्या सुटायला लागल्या तरी दाबलेलं. समोरचा एका जागी उभा होता, त्याने एकच गोळी मारली आणि विषय संपला.

त्या दिवशी त्याला जे सांगितलं आणि पुढचे दोनेक महिने जे शिकवत गेले ते सगळं इथे लिहितेय, कारण कॉलेज रोडला गेमिंग कॅफेत गेलं की अशी चार-पाच पोरं हमखास दिसतात, मोबाईलवरून पीसीवर आलेली, नजर चांगली, हात चांगला, आणि तरी दर राऊंडला पहिल्या वीस सेकंदात आडवी. टीममधले त्यांना शिव्या देतात, शिकवत कोणी नाही. माझं म्हणणं एकच आहे की या गेममध्ये पळायला सगळ्यांनाच येतं, थांबायला शिकावं लागतं. पाय थांबवायचे, खर्च थांबवायचा, स्पाईक म्हणजे गेममधला बॉम्ब लावल्यावर जीव धरून थांबायचं, दोन मॅच हरल्यावर खेळ थांबवायचा. पुढे हेच परत परत येईल, कंटाळू नका.

गेम नक्की काय आहे

व्हॅलोरंट रायट गेम्सचा, २ जून २०२० ला पीसीवर आला, खेळायला पैसे लागत नाहीत. पाच विरुद्ध पाच. एक टीम अटॅकला, एक डिफेन्सला. अटॅकवाल्यांकडे एक स्पाईक असतो, म्हणजे बॉम्बच समजा, तो ठरलेल्या साईटवर लावायचा आणि फुटेपर्यंत राखायचा. डिफेन्सने लावू द्यायचा नाही, लावलाच तर निकामी करायचा, त्याला सगळे डिफ्यूज म्हणतात. राऊंड १ मिनिट ४० सेकंदांचा. स्पाईक लावायला ४ सेकंद लागतात, लावल्यापासून ४५ सेकंदांनी फुटतो आणि डिफ्यूज करायला ७ सेकंद लागतात. साडेतीन सेकंद डिफ्यूज केलं की तेवढं जमा राहतं, म्हणजे मध्येच सोडून बाजूला व्हावं लागलं तरी परत येऊन उरलेलं अर्धंच करायचं. १२ राऊंड झाले की बाजू बदलतात, जो आधी १३ जिंकेल त्याची मॅच.

मोबाईलवाल्यांना पहिला झटका इथे बसतो. इथे लूट नाही, झोन नाही, एखाद्या खास पॉवरचा अपवाद सोडला तर कोणी येऊन उचलून उभं करत नाही. मेलात की राऊंड संपेपर्यंत बाकीच्यांचं बघत बसायचं. आणि दुसरं म्हणजे मारामारी हे काम नाही, स्पाईक हे काम आहे. भावाने एकदा स्पाईक लावला, समोर एकटाच उरलेला, आणि हा त्याला शोधायला पळत सुटला, वाटेत मेला, त्याने आरामात डिफ्यूज केलं. अरे, स्पाईक लावल्यावर घाई त्याला आहे ना, तुला कुठेय? कोपऱ्यात स्पाईक दिसेल अशी जागा धर आणि थांब. डिफ्यूजचा आवाज आला की बाहेर डोकाव, तेव्हा त्याचे हात बांधलेले असतात.

पीसी, नेट आणि लाईट

गेम हलका आहे. ८ जीबी रॅम असेल तर निवांत चालतो, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं तरी सगळी सेटिंग लो करून खेळता येतो. पैसे थोडेच असतील तर ते आधी चांगला माऊस, मोठा माऊसपॅड आणि वायरचा हेडफोन यात घाला, चमकणाऱ्या लाईटच्या कीबोर्डने काही फरक पडत नाही.

इन्स्टॉल करताना सोबत व्हॅनगार्ड म्हणून अँटीचीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर येतं, ते पीसी सुरू होतानाच चालू होतं, म्हणून इन्स्टॉल झाल्यावर एकदा रीस्टार्ट करावाच लागतो. विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही सेटिंग चालू लागतात, नाहीतर व्हॅन ९००१ किंवा ९००३ असा एरर येतो. इथे प्लीज घाई करू नका. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा, बायोस मोडसमोर यूईएफआय लिहिलेलं असेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट ऑन करता येतं. लेगसी लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा, कारण मग डिस्क एमबीआरची जीपीटी करावी लागते आणि त्यात चुकलं तर विंडोज उठत नाही. मी हेच काम एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं होतं, त्याने न विचारता सगळं उडवून नवीन विंडोज टाकलं, माझे कॉलेजचे दोन वर्षांचे प्रोजेक्ट गेले. आधी बॅकअप पेनड्राईव्हवर किंवा ड्राईव्हवर, मगच कोणाच्या हातात पीसी द्या.

सर्व्हर मुंबईचा निवडा. नाशिकहून मुंबई जवळ, त्यामुळे पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ, छान कमी मिळतो, सिडकोत आमच्या घरी केबल लावली की १५ च्या आसपास असतो. पण तेच वायफायवर, राऊटर हॉलमध्ये आणि मी आतल्या खोलीत, मध्येच ८० ला उडी मारतो आणि नेमकं त्याच क्षणी कोणीतरी कोपऱ्यातून निघतो. दहा-पंधरा मीटर लॅन केबल घ्या, भिंतीच्या कडेने नेऊन टाका, याच्याइतका स्वस्त आणि इतका फरक पाडणारा दुसरा खर्च नाही. सेटिंगमध्ये स्टॅट्समधून पिंग आणि पॅकेट लॉस स्क्रीनवर दिसतील असं करून ठेवा, म्हणजे मेलात ते नेटमुळे की स्वतःमुळे हे कळतं. बहुतेक वेळा स्वतःमुळेच असतं, पण कळलेलं बरं.

पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, वाऱ्याची एक झुळूक आली की गेली. राऊटरला छोटा यूपीएस मिळतो तो लावा, लॅपटॉप असेल तर मॅच अर्धवट राहत नाही. आणि मॅचमधून बाहेर फेकले गेलात तर घाबरू नका, गेम परत उघडला की त्याच मॅचमध्ये परत जाता येतं. मात्र मुद्दाम सोडून गेलात तर क्यू, म्हणजे नवीन मॅच शोधणं, काही वेळ बंद होते, सारखं केलं तर शिक्षा वाढत जाते.

कॅफेत खेळत असाल तर लॉगिनच्या वेळी साइन्ड इन राहण्याची टिक लावू नका आणि उठायच्या आधी लॉगआऊट करा. टू-फॅक्टर चालू ठेवा. माझ्या मैत्रिणीचं अकाऊंट एका कॅफेतूनच गेलं आणि ते परत मिळवायला तिने पंधरा दिवस ईमेल केले.

माऊस

इथे मोबाईलवाल्यांचं सगळं उलटं असतं. त्यांना बोटभर सरकवलं की मागे वळायची सवय, म्हणून सेन्सिटिव्हिटी खूप वर ठेवतात आणि मग क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनच्या मधली नेमाची खूण, समोरच्याच्या डोक्याच्या आजूबाजूला माशीसारखं फिरत राहतं. माऊसचा डीपीआय, म्हणजे माऊसचा स्वतःचा वेग, ८०० ठेवा, गेममध्ये सेन्स म्हणजे सेन्सिटिव्हिटी ०.३५ ने सुरू करा. या आकड्यांवर पूर्ण मागे वळायला माऊस साधारण पाऊण फूट सरकवावा लागतो. हो, पाऊण फूट. पहिले तीन दिवस हात जड वाटेल, मनगटाऐवजी कोपरापासून हात फिरवायला लागेल, टेबलवरच्या वह्या आणि चहाचा कप उचलून ठेवावा लागेल. करा. भावाने दुसऱ्या दिवशी गुपचूप ०.८ करून ठेवलं होतं, मी परत खाली आणलं, आठवड्याने स्वतःच म्हणाला की आता हात थरथरत नाही. आणि एकदा ठरवलं की महिनाभर आकडा बदलू नका, दर मॅच हरल्यावर सेन्स बदलणारा माणूस कधीच शिकत नाही.

क्रॉसहेअर साधा ठेवा, छोटा, हिरवा किंवा आकाशी, चालताना आणि गोळ्या मारताना न हलणारा. मोठ्या प्लेयरचा कोड कॉपी करून टाकला तरी चालेल.

आता मुख्य गोष्ट, थांबून मारणं

शिकवताना सगळ्यात जास्त वेळ मी इथेच घालवला, तुम्ही पण घालवा. व्हॅलोरंटमध्ये पळताना मारलेली गोळी क्रॉसहेअर जिथे आहे तिथे जात नाही. उडी मारताना तर मुळीच नाही. विश्वास बसत नसेल तर रेंजमध्ये जा, रेंज म्हणजे सरावाची जागा, तिथे एका भिंतीसमोर उभं राहा, व्हँडल ही रायफल घ्या आणि डावी-उजवीकडे पळत दहा गोळ्या मारा. भिंतीवरची भोकं बघा, मूठभर शेंगदाणे फेकल्यासारखी पसरलेली दिसतील. आता उभं राहून एक एक करून दहा मारा, सगळी भोकं एका रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत. भावाला मी काहीही समजावून न सांगता फक्त हे दाखवलं, दोन मिनिटं नुसता भिंतीकडे बघत बसला.

मग करायचं कसं. समजा भिंतीआडून उजवीकडे निघायचंय. डी, म्हणजे उजवीकडे जायची की, दाबून निघा, अर्धं अंग बाहेर आलं, समोर कोणी दिसलं की डी सोडा आणि ए ला, म्हणजे डावीकडच्या कीला, नुसता टच करा. उलटी की टच झाली की पाय जागेवर थांबतात. त्या क्षणी क्लिक, एक किंवा दोन गोळ्या, बस. लागली तर लागली, नाही लागली तर ए दाबून परत भिंतीआड. निघा, थांबा, मारा, आत. पहिल्यांदा हे चार वेगवेगळ्या क्रिया वाटतात, पोळी लाटताना कशी सुरुवातीला लाटणं वेगळं आणि फिरवणं वेगळं असतं आणि मग हात आपोआप दोन्ही करतो, तसं हे पण होतं. रोज दहा मिनिटं रेंजमध्ये, दोन आठवडे.

शिफ्ट दाबून हळू चालताना मारलं तरी नेम उभं राहण्याइतका पक्का नसतो. खाली बसून मारलं तर नेम थोडा सुधारतो, पण नवीन लोकांना समोरचा दिसला की लगेच बसायची सवय लागते आणि मग हलता येत नाही, म्हणून सुरुवातीला कंट्रोल की विसरूनच जा.

आणि एकदम तीस गोळ्या सोडायच्या नाहीत. लांबच्या माणसाला दोन-तीन गोळ्या, थांबा, परत दोन-तीन. पहिल्या काही गोळ्या नेमाने जातात, नंतर बंदूक वर चढते आणि मग गोळ्या डावी-उजवीकडे जायला लागतात. जवळून भिडलात तर सलग मारलं तरी चालतं.

क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर

हिशोब बघा. समोरच्याचे १०० हेल्थ आणि भारी शिल्डचे, म्हणजे चिलखताचे, ५०, एकूण १५०. व्हँडलची गोळी अंगावर ४०, म्हणजे चार लागतात. डोक्यावर १६०, म्हणजे एक. फँटम ही दुसरी रायफल जवळून डोक्यात मारली तर १५६, ती पण एकातच संपवते, पण लांबून तिचा मार कमी होत जातो, त्या बदल्यात तिचा आवाज दबका आणि मॅगझिनमध्ये ३० गोळ्या, व्हँडलमध्ये २५. दोन्ही २९०० ला मिळतात. कुठली घ्यायची यावर पोरं तासन् तास भांडतात, नव्याने हातात धरणाऱ्याला मी फँटम सांगते कारण ती जरा सांभाळून घेते.

पण डोक्यात मारायची म्हणजे झटक्यात नेम धरायचा असं नाहीये. नेम आधीच तिथे असायला हवा. आपल्याकडे सराफ बाजाराच्या बोळातून गाडी काढताना आपण रस्त्याकडे बघतो का? आपलं लक्ष पुढच्या कोपऱ्यावर असतं, तिथून स्कूटर निघेल, हातगाडी निघेल, एखादी आजी निघेल. डोळे आधीच तिथे जाऊन बसलेले असतात. तसंच इथे. पळताना क्रॉसहेअर जमिनीवर नको, आकाशात नको, पुढच्या कोपऱ्याच्या कडेला माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. उंची कळत नसेल तर सोबतच्या टीममेटच्या डोक्याकडे बघत चला, तेवढीच. भावाच्या मॉनिटरवर मी तीन दिवस मध्यभागी आडवी चिकटपट्टी लावली होती, ती डोक्याच्या रेषेवर ठेवायची एवढंच काम दिलं. तिसऱ्या दिवशी त्याने अर्धवट जांभई देत एकाला एका गोळीत पाडलं, कारण तो माणूस स्वतःच चालत येऊन क्रॉसहेअरमध्ये घुसला.

कानाने खेळा

पळताना पावलांचा आवाज होतो आणि समोरच्याला ऐकू येतो. मिनीमॅपवर, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, तुमच्याभोवती एक गोल उमटतो, तिथपर्यंत तुमचा आवाज जातोय. शिफ्ट दाबून चाललं की गोल नाहीसा होतो, आवाज पण बंद होतो. साईटच्या जवळ आलात की शिफ्ट, लांब असताना चाकू हातात घेऊन पळा कारण चाकू हातात असताना वेग वाढतो. ऑडिओ सेटिंगमध्ये एचआरटीएफ ऑन करा, आवाज मागून येतोय की वरून ते चांगलं कळतं. गाणी लावून खेळू नका. खोलीत पंखा खडखडत असेल तर तो दुरुस्त करा, खरं सांगते, मला तीन महिने पावलं ऐकू येत नव्हती ती त्या पंख्यामुळे.

आणि डिफेन्सला असताना राऊंड सुरू झाल्यावर पहिले दहा-पंधरा सेकंद नुसतं उभं राहून ऐका. काहीच करू नका. किती जण कुठून येतायत हे तुम्हाला बाहेर न पडता कळेल.

पैशांचा हिशोब

दर राऊंडला बंदूक विकत घ्यायची असते. सुरुवातीला ८०० क्रेडिट्स मिळतात, राऊंड जिंकलात तर ३०००, हरलात तर १९००, लागोपाठ दुसऱ्यांदा हरलात तर २४००, तिसऱ्यांदा २९००. एका किलला २००. जास्तीत जास्त ९००० साठतात. चांगली रायफल २९०० आणि भारी शिल्ड १०००, म्हणजे ३९०० लागतात, हा आकडा पाठ करा.

आता समजा पहिला राऊंड हरलात, हातात १९००. इथे नवीन माणूस काय करतो, १६०० ची स्पेक्टर बंदूक घेतो. हरला तर उरलेले ३०० अधिक २४००, झाले २७००, तिसऱ्या राऊंडला पण चांगली रायफल नाही, आणि बाकी चौघांनी वाचवले असतील तर तुमच्यामुळे पूर्ण टीमची साखळी तुटते. त्यापेक्षा दुसऱ्या राऊंडला काहीच घेऊ नका, फुकटच्या क्लासिक पिस्तुलावर खेळा. हरलात तरी १९०० अधिक २४००, ४३०० हातात, रायफल, शिल्ड आणि वर ४०० पॉवरसाठी. याला सेव्ह किंवा इको म्हणतात. दुकानातच पुढच्या राऊंडला कमीत कमी किती उरतील ते लिहिलेलं असतं, तिथे बघून ठरवा. पाचही जणांनी एकत्र घ्यायचं, पाचही जणांनी एकत्र थांबायचं, महिन्याअखेरीला घरात जसं ठरवून थांबतात तसं. एखाद्याकडे जास्त असतील तर तो दुसऱ्याला घेऊन देतो, तुम्हाला हवी असेल तर त्या बंदुकीवर राईट क्लिक करा, टीमला मागणी दिसते. मागायला लाजू नका.

खरे पैसे देऊन बंदुकीची स्किन घेतल्याने बंदूक जास्त जोरात मारत नाही. रंग बदलतो, आवाज बदलतो, बस्स. पहिल्या तीन महिन्यांत एक रुपया टाकू नका, आणि अकाऊंट विकत घेणं तर अजिबातच नको, नियमाविरुद्ध पण आहे आणि विकणारा चार दिवसांनी परत काढून घेतो.

एजंट कोणता

एजंट म्हणजे तुम्ही खेळता ते पात्र, प्रत्येकाच्या पॉवर वेगळ्या. चार प्रकार आहेत, ड्युएलिस्ट आधी घुसतात, इनिशिएटर माहिती काढतात, कंट्रोलर धूर टाकून रस्ते बंद करतात, सेंटिनल राखण करतात. सगळ्या नवीन पोरांना जेट हवी असते, उडते म्हणून. नका घेऊ, नेम बसायच्या आधी उडून काय करणार. सेज घ्या किंवा ब्रिमस्टोन. सेज भिंत उभी करते, जखमींना बरं करते, आणि शेवटची पॉवर जमली की मेलेल्याला उठवते, त्यामुळे तुम्ही एकही किल नाही केला तरी टीमला तुमचा उपयोग होतो. ब्रिमस्टोनचा धूर मॅप उघडून जागेवर क्लिक करायचं आणि सोडायचा, वीसेक सेकंद रस्ता बंद. धूर कुठे टाकायचा हे शिकता शिकता मॅप आपोआप पाठ होतो, म्हणून मी भावाला हाच दिला. हार्बर आपला भारतीय एजंट आहे, २०२२ मध्ये आला, त्याच्यासाठी जीव तुटतो हे मला पण माहितीय, पण जरा सवय झाल्यावर घ्या.

बोलणं

आपल्याकडे कोणी फोनवर नुसतं "नाक्यावर ये" म्हणालं तर आपण लगेच विचारतो, कुठल्या, मुंबई नाका की त्र्यंबक नाका? कारण चुकीच्या नाक्यावर गेलं की अर्धा तास गेला. गेममध्ये विचारायला वेळ नसतो. आणि नवीन लोक ओरडतात कसं, "अरे इकडे इकडे, मागे, मारलं भो मला!" इकडे म्हणजे कुठे? कोणाच्या मागे?

तीनच गोष्टी सांगायच्या, किती, कुठे, किती लागलं. "दोन ए मेन." "एक मार्केट, ८४ लागलेत." संपलं. तुम्ही मेलात तर किती डॅमेज दिला ते स्क्रीनवर दिसतं, तेवढं वाचून दाखवा आणि गप्प बसा, कारण जो जिवंत आहे त्याला पावलं ऐकायची आहेत. हे पण थांबणंच. मुंबई सर्व्हरवर तेलुगू, तमिळ, हिंदी, मराठी सगळे भेटतात, पण जागांची नावं सगळीकडे तीच, त्यामुळे इंग्रजी येत नाही म्हणून माईक बंद ठेवू नका. अगदीच संकोच वाटला तर झेड दाबून मॅपवर खूण करता येते.

मुलींसाठी एक वेगळं. आवाज ऐकला की काही जण सुरू होतात, घाणेरडं बोलतात. मी सुरुवातीला माईकच लावायची नाही, वर्षभर मुकी खेळले, आणि त्यात माझंच नुकसान झालं. आता पहिल्या वाक्याला म्यूट, मॅच संपली की रिपोर्ट, आणि बाकीच्या तिघांशी बोलत राहते. उत्तर द्यायला जाऊ नका, तुमचा राऊंड जातो. आणि मुलांनो, तुमच्या समोर असं चाललं असेल तर तुम्ही पण त्याला म्यूट करा आणि रिपोर्ट करा, एवढंच करा, खूप फरक पडतो.

मॅप

सगळे एकदम शिकू नका, आणि मॅप आलटून पालटून बदलतात त्यामुळे जे सध्या चालू असतील त्यातले दोन धरा. असेंट असेल तर तिथून सुरू करा, रस्ते सरळ आहेत. बाईंडला मधला रस्ताच नाही, टेलिपोर्टर आहेत. हेवनला तीन साईट, त्यामुळे पळापळ जास्त. लोटस मात्र नक्की बघा, जानेवारी २०२३ मध्ये आला आणि पश्चिम घाटात दाखवलाय, म्हणजे आपलाच सह्याद्री. पहिल्यांदा उघडला तेव्हा ते ओले दगड, कोरीव काम आणि हिरवळ बघून मला पावसातल्या त्र्यंबकच्या वाटेचीच आठवण झाली, त्या राऊंडला मी बघत उभी राहिले आणि मेले. तिथेही तीन साईट आहेत आणि मोठे गोल फिरणारे दरवाजे, ते फिरले की घरघर लांबपर्यंत ऐकू येते, म्हणजे तुम्ही येताय हे सगळ्यांना कळतं. मोकळ्या वेळी कस्टम गेम उघडून एकटेच चालत फिरा, जागेचं नाव मिनीमॅपजवळ दिसतं ते मोठ्याने म्हणा. घरचे विचित्र बघतील, बघू द्या.

पहिला महिना

पहिला आठवडा रेंज आणि स्विफ्टप्ले. स्विफ्टप्लेत जो आधी ५ राऊंड जिंकेल त्याची मॅच, लवकर संपते, चुका लवकर कळतात. रोज १० मिनिटं भिंत आणि रेंजमधले बॉट म्हणजे नेम धरायचे पुतळे, मग एक डेथमॅच, म्हणजे स्पाईक नसलेली नुसती मारामारी, पण डेथमॅचमध्ये किल मोजू नका, फक्त थांबून मारलं का हे मोजा. दुसऱ्या आठवड्यापासून अनरेटेड, म्हणजे रँक न मोजणारी मॅच. त्यात पूर्ण मॅच असते, पाऊण तास धरून चाला, मध्ये पॉज नाही, म्हणून बसायच्या आधी घरी सांगा. आमच्याकडे आईला मी सांगते की साडेनऊ ते सव्वादहा हाक मारू नकोस, त्या बदल्यात जेवण आधी, भांडी आधी. सांगितलं तर ऐकतात, न सांगता बसलं की मग वाद. घरात लहान भावंडं मागे उभी राहत असतील तर सेटिंगमध्ये रक्त दाखवणं बंद करता येतं, ते करा.

सलग दोन मॅच हरलात तर उठा. पाणी प्या, खाली चक्कर मारून या. तिसरी मॅच रागात खेळली जाते आणि रागात कोणीच थांबून मारत नाही, मी हजारदा बघितलंय.

रँकेड लेव्हल २० ला उघडतं, त्याच्या आधी मिळत नाही आणि ते बरंच आहे. उघडल्यावर सुरुवातीच्या पाच मॅचवरून रँक ठरते, आयर्नपासून रेडियंटपर्यंत नऊ पायऱ्या आहेत. आयर्न आली तर वाईट वाटून घेऊ नका, भावाला आयर्न २ आली होती आणि तो दोन दिवस तोंड पाडून बसला होता. मग आम्ही त्याच्या हरलेल्या मॅच आठवून आठवून वहीत लिहिलं, कुठे मेला आणि तेव्हा पाय चालू होते की थांबलेले. पहिल्या पानावर १४ पैकी ११ वेळा "पळत होतो" असं त्याच्याच अक्षरात आहे. गेल्या आठवड्याच्या पानावर १४ पैकी ३.